बाल्कांवातले (घरापुढच्या ओसरीतले) बांबूचे दिवे आणि शिंपल्यांचा कंदील : तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचून आधी घरी येऊन दिवे पाहिले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बांबूच्या चारही शेडना पहिल्याच पावसात बुरशी आली आणि कंदिलात ‘निसर्गाच्या नावाखाली जुना माल’ लावला, असं तुम्ही लिहिलंय.

बांबूची तक्रार शंभर टक्के खरी आहे. शेड उतरवून आतून बोट फिरवलं तर पेराजवळची काळी भुकटी बोटाला लागली. बांबूच्या पट्ट्या आम्ही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतो, त्याने कीड आणि बुरशी लांब राहते. पण हे क्षार पाण्यात विरघळणारे. पाऊस थेट लागत राहिला की धुऊन जातात. तुमचं बाल्कांव पश्चिमेला, आषाढातली झड सरळ आत येते. मार्चमध्ये माप घ्यायला मीच आलो होतो. तिथे बांबू चालणार नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी, माफी मागतो.

शिंपल्यांचं मात्र वेगळं आहे. ते जुनेच आहेत आणि आम्ही ते मुद्दाम जुने लावतो. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले असत, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले. घर पाडलं की त्या खिडक्या जळणात जातात, त्याआधी आम्ही गाठतो. साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासतो आणि एकेक शिंपला बल्बसमोर धरून निवडतो. एखादा दुधी निघतो, एखादा मधासारखा पिवळसर. तुम्हाला डाग वाटला तो हा फरक. चिखलीच्या खाडीत हा शिंपल्यातला जीव आजही आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. दिव्यासाठी जिवंत शिंपला काढलेला मला चालणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी. बिलावर ‘जुने शिंपले’ असं लिहायला हवं होतं, ते राहिलं. आता प्रत्येक बिलावर लिहितो.

होल्डर साधाच का, असंही विचारलंत. एलईडी गेला तर नुसता बल्ब बदलता यावा, अख्खा दिवा टाकावा लागू नये म्हणून.

आता चारही बांबूच्या शेड काढून डिचोलीच्या कुंभाराकडच्या भाजलेल्या मातीच्या, छिद्रांच्या शेड लावून देतो, वर पितळेची टोपी. पैसे नकोत. पावसात मातीवर शेवाळ धरेल, पण ते ब्रशने निघतं, माती कुजत नाही. बांबूच्या शेड साफ करून, पुन्हा मुरवून परत आणतो. हॉलमध्ये त्या छान दिसतील. कंदिलातले जे दोन शिंपले खटकतात त्यांच्या जागी निवडायला दहा-बारा घेऊन येईन. चतुर्थीच्या आधी काम पुरं व्हायला हवं, तेव्हा मिस्त्रीला कधी पाठवू ते फोनवर कळवा. तोवर बांबूचे दिवे लावू नका, होल्डरमध्ये ओल शिरलीय.