गाडी कळते की फोटो? एका प्रतिक्रियेला उत्तर

कोइम्बतूरहून कराडला चालवत आणलेल्या १९८४ च्या प्रीमिअर पद्मिनी गाडीवर मी लिहिलं, त्याखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाळीस वर्षांची गाडी हजारभर किलोमीटर हायवेवरून चालवत आणणं म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे, चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असलेली गाडी ट्रेलरवर घालूनच आणायला हवी होती, कागदपत्रांचं मी दोन ओळींत उरकलं त्यामुळे वाचून कुणीतरी फसेल, प्रदूषणाचा आणि इथेनॉलचा विचार मी केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी हे वाक्य: ‘असल्या हौशी लोकांना गाडी कळत नाही, गाडीबरोबरचे फोटो कळतात.’

महोदय, नाव न देता लिहिलंत, तो तुमचा प्रश्न. पण जे वाक्य नाव देऊन लिहायचं धाडस झालं नाही, ते लिहिण्याआधी क्षणभर थांबायला हवं होतं. मुद्दा मांडा, मी ऐकेन. शंका विचारा, उत्तर देईन. समोरच्या माणसाची ओळखदेख नसताना त्याला काय कळतं आणि काय कळत नाही याचा निकाल देऊन मोकळं व्हायचं, याला आमच्याकडे उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात.

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. कागदपत्रांबद्दल मी थोडक्यात लिहिलं होतं, हे खरं. लेख प्रवासाचा होता, म्हणून तिथे जागा दिली नाही. ती भर खाली घालतो. आता त्या वाक्याकडे येऊ.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कराडला कोल्हापूर नाक्याजवळ गॅरेज होतं. तालुक्यातल्या डॉक्टर-वकिलांच्या फियाट आणि साखर कारखान्याच्या अँबॅसिडर तिथे यायच्या. तेव्हा रस्त्यावर दुसरं होतंच काय? मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण गॅरेजात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. शाळेतून आल्यावर माझं काम ठरलेलं असायचं: सुटे केलेले नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, इग्निशनचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि ब्रेकमधली हवा काढताना आत बसून पेडल दाबायचं. अण्णा खालून ओरडायचे, ‘दाब... धर... सोडू नकोस!’ खाली हवा काढायची निपल उघडलेली असताना पेडल सुटलं की हवा परत आत जायची आणि सगळं पहिल्यापासून. मी गाडी चालवायला शिकलो ती स्टिअरिंगच्या खांबावरच्या गिअरने. ज्या माणसाचे हात दहाव्या वर्षापासून ग्रीसने काळे आहेत, त्याला तुम्ही सांगता की याला फोटो कळतात?

ही गाडी कशी निवडली तेही सांगतो. मी पद्मिनी शोधत होतो तेव्हा जवळच्या गाड्या सोडून इतक्या लांब का गेलो, असा टोमणाही तुमच्या प्रतिक्रियेत आहे. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. जीप किंवा ट्रकसारखा खाली सांगाडा आणि वर बॉडी, असा प्रकार नाही. पत्रा हाच सांगाडा. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स मिळतो, पण दाराखालची पट्टी आणि फ्लोअर सडलं की गाडीचा कणाच गेला. मुंबई आणि कोकणातल्या गाड्यांना खाऱ्या हवेनं नेमकं तिथेच धरलेलं असतं. रत्नागिरीकडची एक फियाट मी पाहिली होती. रंग असा की तोंड दिसावं. खिशातलं छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराखालून फिरवलं, तर पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ते तीनच ठिकाणी चिकटलं. बाकी सगळीकडे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मॅट उचलून फ्लोअरला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो अलगद आत गेला.

कोइम्बतूर समुद्रापासून लांब, पश्चिम घाटाच्या पलीकडच्या पर्जन्यछायेत. तिथल्या निवृत्त मिल सुपरवायझर गृहस्थांची ही गाडी एकहाती वापरातली. चुंबक सगळीकडे चिकटलं. जॅक लावायच्या चारही जागा टणक. डिकीचा तळ मूळ रंगाचा. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, पण मी रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का ते पाहिलं तेव्हा त्यांनी आपणहून टॉर्च आणून ठेवली आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. गाडी कळणाऱ्या दोन माणसांना भाषेची अडचण येत नाही. तुमच्याशी मराठीत बोलूनही मला ती येते आहे.

आता ब्रेक. तुमच्या प्रतिक्रियेत ‘ड्रम ब्रेक’ हा शब्द इतक्यांदा आला आहे, जणू मी ते लपवले होते. जुन्या गाडीचा ब्रेक दगा देतो तो मुख्यतः रबरामुळे. बरेच दिवस उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, व्हील सिलिंडरला आतून गंज लागतो आणि त्यावरून घासून किटचं, म्हणजे आतल्या सीलांचं, रबर फाटतं. म्हणून गाडी घेतल्यावर निघायच्या आधी मी तिथेच एका गॅरेजात चारही ड्रम उतरवले. मागच्या डाव्या चाकात लायनिंग तेलानं भिजलेलं होतं. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांची किटं नवीन, रबरी ब्रेक पाइप नवीन, ऑइल पूर्ण बदललं. फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, पेट्रोलच्या नळ्या आणि टायर बदलले. त्यानंतर काही दिवस गावातच गाडी फिरवली. मग हायवे. पंचावन्न-साठच्या वर काटा नेला नाही, डावी लेन सोडली नाही, अंधार पडला की मुक्काम. हे सगळं लेखात होतं. तुम्ही वाचलं असतंत तर जिवाशी खेळ हे शब्द लिहिताना हात थबकला असता.

‘मध्येच बंद पडली असती तर मागचा ट्रक आदळला असता,’ असं तुम्ही लिहिता. बंद पडली होती. ते मीच लिहिलं होतं, आणि त्याचाच तुम्ही दाखला देता आहात! सेलमच्या पुढे तोप्पूरचा घाट तिनं तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार चढला, पण सिरा सोडून हिरियूरच्या दिशेनं जाताना भर दुपारी इंजिन खोकायला लागलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्टनं बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफ ढकलत बसतो, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही. खोकला सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत ज्याला आवाज ओळखता येतो त्याला पुरेसा वेळ मिळतो. मी डांबर सोडून खाली मातीवर, चिंचेच्या सावलीत उभी केली. इशाऱ्याचा त्रिकोण मागे लांबवर ठेवला. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, वरून बाटलीनं थेंब थेंब पाणी सोडत राहिलो. फडक्यातून वाफ निघायची थांबली, पंपाला हात लावता आला, तेव्हा हातानं पंपाचा खटका मारून पेट्रोल वर चढवलं. पहिल्या किल्लीला चालू. त्यानंतर भर दुपारी थांबायचं आणि सकाळ-संध्याकाळ चालवायचं, एवढा बदल केला. चित्रदुर्गच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या उन्हं कलल्यावर दिसल्या.

आणि ही गाडी ट्रेलरवर आणली असती तर हे मला कधी कळलं असतं? कराडला उतरवून, बायकोमुलांना घेऊन महाबळेश्वरला निघालो असतो तेव्हा, पसरणी घाटात. जुनी गाडी चालवत आणण्यामागचं माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. गाडीचं खरं दुखणं उभ्या गाडीत दिसत नाही, अर्धा तास चालवून दिसत नाही. ते तासन् तास तापल्यावर, घाटात, पावसात दिसतं. हजार किलोमीटर सावकाश, तयारीनं, एकट्यानं चालवलेली गाडी ही तपासलेली गाडी असते. ट्रेलरवरून आलेल्या गाडीबद्दल तुम्हाला फक्त विकणाऱ्याचा शब्द माहीत असतो. शिवाय ट्रेलरवर ती चढवतो कोण? अनोळखी माणूस, अनोळखी गिअर, घाईत. माझ्या एका मित्राची अँबॅसिडर कोलकात्याहून तशी आली, तर सायलेन्सर चेपलेला, पुढचं मोनोग्राम गायब, स्टेपनी गायब. वाहतूकवाल्यानं हात वर केले.

ज्याला गाडीखाली शिरता येत नाही त्यानं ट्रेलरच करावा, हेही मी मूळ लेखात लिहिलं होतं. ते वाक्य तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

कागदपत्रांची भर. दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना सगळ्यात आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, त्यासाठी फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबराचा, पेन्सिल प्रिंट लागतो. तो स्वतः घ्या, एजंटवर सोडू नका. नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की आकडे वर येतात, आणि एखादा आकडा खोडून पुन्हा ठोकलेला असेल तर तो कागदावर डोळ्यांपेक्षा लवकर कळतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तर तिची मुदत चालू आहे का ते पैसे देण्याआधी पाहा. संपलेली असेल तर ती गाडी चालवत आणायचीच नाही. विकत घेणाऱ्यानं तीस दिवसांत मालकी बदलासाठी अर्ज करायचा असतो आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असं कायदा मानतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. आणि विकणाऱ्यांसाठी: आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कोइम्बतूरचे गृहस्थ याच कारणानं प्रत्येक कागदाची प्रत ठेवून घेत होते आणि मला त्यांचं ते वागणं आवडलं.

प्रदूषण, इथेनॉल, ‘दिल्लीत असल्या गाड्यांना बंदी आहे’ वगैरे. दिल्लीचा पंधरा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. कराड त्यात येत नाही. पीयूसी काढली आहे, पर्यावरण कर भरेन. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी रबरं खराब होतात हे मला माहीत आहे, म्हणूनच नळ्या बदलल्या. सीटबेल्ट आणि एअरबॅगवर तुमच्याशी वाद घालत बसायची माझी इच्छा नाही. ‘श्रीमंतांचे लाड’ या शब्दांना तर मी उत्तरच देत नाही. मला काय परवडतं हे तुम्ही कोण ठरवणार?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फोटोंबद्दलचं ते एक वाक्य मात्र तुम्ही स्वतःहून मागे घ्यावं अशी अपेक्षा आहे, कारण ते माझ्याइतकंच अण्णांनाही लागतं आणि ते आज उत्तर द्यायला नाहीत. ब्रेकबद्दल अजून शंका असेल तर कराडला या. नाव सांगायची गरज नाही. रविवारी सकाळी मी घरीच असतो, म्हणाल ते चाक उतरवून दाखवतो. पुढच्या आठवड्यात मागचे स्प्रिंगचे पाटे उतरवायचे आहेत, त्याआधी आलात तर बरं.