शॉर्टवेव्ह मेलेली नाही, आपला सेट बहिरा आहे

"शॉर्टवेव्ह केव्हाच मेली, उरली ती नुसती खरखर. समुद्राचं हवामान आता मोबाइलवर कळतं. आणि लांबचं स्टेशन पकडायला गच्चीवर टॉवर लागतो." लांबच्या देशांतली स्टेशनं पकडणाऱ्या शॉर्टवेव्ह रेडिओबद्दल असा मजकूर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पुढे ढकलतंच. प्रत्येक वेळी मन कळवळतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा 31 जानेवारी 2020 ला थांबली. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, ते मीही विसरलेलो नाही. पण बातम्या गेल्या म्हणून सगळंच गेलं असं नाही. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं 2002 पासून दोन केंद्रांवरून खलाशांना वारा आणि लाटांचा अंदाज वाचून दाखवतं. एक क्वीन्सलँडमधलं चार्लव्हिल, दुसरं पश्चिमेकडचं विलुना. दोन्ही गावं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, रखरखीत मुलखात!

आता खरखर. विलुनाच्या 8113 किलोहर्ट्झवर साधा सेट लावला, तर बदक बोलल्यासारखं काहीतरी येतं आणि आपण पुढे सरकतो. हे प्रसारण सिंगल साइडबँडवर (एसएसबी) असतं, म्हणजे नेहमीच्या सिग्नलची एकच बाजू पाठवली जाते. त्याला एसएसबीची सोय असलेला सेट लागतो. त्यात यूएसबी, म्हणजे अपर साइडबँड (चार्जरची यूएसबी नव्हे), निवडायचं आणि बारीक ट्यूनिंगचं चाक केसभर फिरवत राहायचं. बदकाचा माणूस होतो, तो क्षण अनुभवावाच. कान तयार करायला मुंबईचं व्हॉल्मेट हे हवामानाचं प्रसारण आहेच, 6676 वर. ते विमानांसाठी असतं, पण सरावाला उत्तम.

नकाशेही येतात. हॅम्बुर्गजवळच्या पिन्नेबर्गहून जर्मन हवामान खातं 7880 वर फॅक्स, म्हणजे आवाजाच्या रूपात चित्र, सोडतं. यूएसबीवर सेट थोडा खाली, 7878.1 ला ठेवला की सेकंदाला दोनदा काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो. फोनमध्ये फॅक्स उलगडणारं ॲप चालू करून तो स्पीकरजवळ धरायचा. सेकंदाला दोन ओळी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी नुसते ठिपके होते, मग नॉर्वेचा दातेरी किनारा, मग त्यावरून वळत गेलेल्या समदाब रेषा. मधेच सिग्नल बुडाला आणि नकाशावर राखाडी पट्टा उमटला. तो नकाशा मी जपून ठेवलाय.

मोबाइलचं म्हणाल, तर टॉवरची रेंज किनारा सोडला की थोड्याच अंतरावर संपते. उपग्रहाच्या डेटाला दरमहा पैसे मोजावे लागतात. भर समुद्रातल्या छोट्या शिडाच्या बोटीला हा नकाशा फुकट मिळतो. मात्र रत्नागिरीच्या मच्छीमाराने यावर विसंबू नये. त्याच्यासाठी इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचे इशारे आणि बोटीवरचा व्हीएचएफ वायरलेस हीच साधनं.

टॉवर तर मुळीच नको. खिडकीतून आंब्यापर्यंत दहा मीटर वायर पुरते. खरा शत्रू घरातच असतो: एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. ते बंद करा, अंधार पडू द्या आणि मग 8113 लावा.