‘मला तर कोणी विचारलंच नाही!’

निवडणूक जवळ आली की ठाण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘ठाण्यात 18 लाख माणसं, सर्व्हे हजार जणांचा. मला कोणी विचारलं नाही, तुम्हालाही नाही. म्हणजे आकडे बनावट. त्यापेक्षा आपला ऑनलाइन पोल बरा, हजारो मतं पडतात.’ मला तो तीनदा आला, त्यात एकदा सख्ख्या मेहुण्याकडून.

आधी ‘मला विचारलं नाही’. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 18 लाख 41 हजार लोक होते. चिठ्ठ्या टाकून हजार जण काढले, तर तुमची चिठ्ठी निघण्याची शक्यता 1841त एक. दर महिन्याला नवा सर्व्हे झाला तरी नंबर लागायला सरासरी दीडशे वर्षं जातील. मेहुण्याला म्हटलं, थांब जरा.

हजार पुरतात का? चिठ्ठ्या खरंच टाकल्या असतील तर पुरतात. शंभरातल्या पंचाण्णव वेळा चूक 3 टक्के वर-खाली, त्यापलीकडे नाही. शहर 18 लाखांचं असो वा कोटीचं, फरक नगण्य. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेल्याचं माप कोणी विचारत नाही. तळाला लागलाय का, हे मात्र वरच्या शितावरून कळत नाही.

आणि पोल नेमका वरचीच शितं उचलतो. आमच्या घोडबंदर रोडच्या ग्रुपवरचा प्रश्न बघा: ‘रोजच्या ट्रॅफिकला कंटाळलेल्या नागरिकांना रुंद रस्ता हवा की नको?’ नको कोण म्हणणार! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसने येतात, त्या या ग्रुपात नाहीत. दिवा स्टेशनवरून लोकलच्या दारात लटकणाराही नाही.

मतं हजारो पडली म्हणून काय झालं? 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वाचक-पोलच्या 20 लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यांनी उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात समोरच्या रूझवेल्टने 48पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतले, म्हणजे पैसेवाल्यांचे, तेही मंदीच्या काळात. शिवाय उत्तर पाठवायची तसदी ज्यांनी घेतली, त्यांचीच मतं मोजली गेली.

शंका घ्यायचीच असेल तर दुसरीकडे घ्या. तोच हजार जणांचा सर्व्हे 33 प्रभागांत वाटून ‘अमुक प्रभागात अमुक पुढे’ असं कोणी सांगू लागलं, तर प्रभागामागे उरतात जेमतेम 30 माणसं. तिथे चूक 18 टक्क्यांपर्यंत जाते. असले प्रभागनिहाय तक्ते मात्र मेहुणा न चुकता फॉरवर्ड करतो.