शेकोटी पेटवा आणि खुशाल निघून या

जंगलात रात्री शेकोटी करायची हौस असलेल्या तमाम मंडळींसाठी हे चार अनुभवाचे बोल. अनुभव ताजा आहे. गेल्या रविवारी सकाळी अंजनेरीच्या पायथ्याशी मिळाला, माझ्या बुटांना अजून जळका वास येतोय.

आधी मुहूर्त बघा. पावसाळ्यात पेटत नाही, दिवाळीत गवताला अजून ओल असते. फेब्रुवारी संपता संपता जा. गवत पापडासारखं वाळलेलं, खाली सागाचा पाचोळा. आगीला असं वाढलेलं ताट वर्षभरात पुन्हा मिळत नाही.

जागा वाऱ्याची निवडा. ठिणग्यांचे फोटो छान येतात.

वन खात्याने आग अडवायला गवत काढून जाळरेषा केलेली दिसली, तर तिथे गाड्या लावा. नाहीतर कशासाठी केलीय ती?

विझवायच्या भानगडीत पडू नका. फारच मन खाऊ लागलं तर वर मूठभर माती टाका. वरून गार दिसतं, आत निखारा मजेत धुमसतो आणि ऊन चढून वारा सुटला की कामाला लागतो. पाणी ओतायचं, काटकीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, राख हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, ही रिकामटेकड्यांची कामं. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि शेतकरी पहाटेपर्यंत त्यांच्यापाशी जागा राहतो. त्याला कुठे मिसळ खायला वेळेत पोचायचं असतं!

आता कायदा. घाबरू नका. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 26. राखीव वनात आग लावली किंवा वनाला धोका होईल अशी जळती सोडली, तर मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुकसानभरपाई वेगळी. पाचशे रुपये! तेवढ्याचे तर तुम्ही वेफर्स नेता. न्याय संहितेचं कलम 287 आगीशी निष्काळजीपणा करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला 2000 पर्यंत दंड सांगतं, कैद तीच सहा महिने. अभयारण्यात मात्र जपून. तिथे वन्यजीव कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे पेटवण्याआधी पाटी वाचा.

पण खरी गंमत त्याच कलम 26 च्या शेवटी आहे. राखीव वनात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क वाटेल तितका काळ थांबवू शकतं. कुणाचे हक्क? तुमचे? तुमची कुठली गुरं चरतात तिथे? ज्याची चरतात, त्याचे! आणि कलम 79 वाचा. ज्याला त्या वनात असे हक्क आहेत, त्याने वणवा कळला की कुणी न सांगताही विझवायला धावायचं. रास्त कारणाशिवाय टाळलं तर मूळ कायद्यात महिनाभर कैद किंवा 200 रुपये दंड. म्हणजे पेटवणार तुम्ही, धावणार तो, नाही धावला तर आत जाणार तो, आणि वर गुरं उपाशी त्याचीच!

रविवारी तो माझ्या शेजारी होता. सत्तरीचा गुराखी, पायात झिजलेली चप्पल. "बाबा, पाल्याची फांदी घ्या, झोडपा. वाऱ्याकडून या, तोंडावर घेऊ नका," असं मला शिकवत होता. आम्ही दोघं पाऊण तास झोडपत होतो. ज्यांची शेकोटी, ते चौघं गाडीत बॅगा भरत होते. हाक मारली तर म्हणाले, "काका, विझेल ना आपोआप." आणि गेले.

विझेल आपोआप? अरे, आपोआप काय विझतं? टिटवी जमिनीवर अंडी घालते, तीही आपोआप उडतात का? बिअरचे सहा कॅन डोंगरावर चढवता येतात आणि पाण्याची एक बाटली राखेत रिकामी करताना हात झडतात तुमचे? त्या म्हाताऱ्याच्या हाताला फोड आलेत. त्याने तुम्हाला एक शिवी दिली नाही, ती मी देतोय असं समजा.

येत्या रविवारी मी पुन्हा तिथेच आहे, पाच लिटरचा कॅन घेऊन. दिसलात तर राखेत हात घालायला लावीन. गार लागली तरच गाडीची चावी मिळेल.