पक्षीगणना फक्त जाणकारांसाठी नाही

‘हिवाळी पक्षीगणनेत तज्ज्ञांनाच घेतात, नवख्यांच्या नोंदी फेकून देतात,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९०० साली पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी उत्तर अमेरिकेत नाताळातली पक्षीगणना सुरू केली, तेव्हा मोजायला जेमतेम २७ जण होते. आज ती हजारो हौशी लोकांच्या जिवावर चालते. नवख्याला बहुधा अनुभवी गटासोबत पाठवतात. वेळ टिपायला, आकडे लिहायलाही माणूस लागतोच की! बदकाची जात नक्की ओळखू आली नाही, तर नुसतं ‘बदक’ लिहावं. अंदाजानं नाव ठोकून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या दुसऱ्या पक्षीगणनेला तर किमान १५ मिनिटं पुरतात. आणि हो, नेहमीचे कावळेही मोजायचे असतात.