खोलीपेक्षा किती अंश वर?

प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायच्या पंख्यांची परीक्षणे जगात जिथे लिहिली जातात, तिथल्या खोल्यांचे तापमान बहुधा 21 ते 25 अंशांच्या दरम्यान असते. नागपूरच्या नवतप्यात, दुपारी तीन वाजता, खिडकीतला कूलर पूर्ण वेगाने चालू असताना आमच्या मागच्या खोलीत 34 अंश असतात, आणि त्या कूलरची टाकी कोरडी पडली की पाऊण तासात 38 होतात. त्यामुळे ‘भर कामात केवळ 72 अंश’ अशी ग्वाही वाचून हरखून जाण्याआधी त्यात बारा-पंधरा अंश पदरचे घालावे लागतात. पदरचे घालण्याची सवय मला व्यवसायाने आहेच. मी लग्नांच्या चित्रफिती जोडून देतो.

आमच्याकडे लग्नसराई नेमकी उन्हात येते. हळद, वरात, मंगलाष्टके आणि जेवणाच्या पंगतीतील प्रत्येक नातेवाईक असा सगळा ऐवज एकत्र करून त्याची अंतिम फिल्म रेंडर होऊ लागली, म्हणजे संगणक सगळे तुकडे मिळून एक फाइल घडवू लागला, की माझ्या बारा कोअरच्या प्रोसेसरला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. त्याच्या माहितीपत्रकात 65 वॅट असे लिहिलेले आहे. हा आकडा लग्नपत्रिकेवरील मुहूर्तासारखा असतो. तो खोटा नसतो, पण त्या वेळेला मंडळी बोहल्यापाशी उभी असतील असे कोणी धरून चालत नाही. ज्या मुख्य पाटीवर तो बसतो त्या मदरबोर्डने मोकळीक दिली की हाच प्रोसेसर 180 वॅटपर्यंत जातो. त्याच्या खोक्यात फुकट आलेला, चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर तग धरून असलेला बुटका पंखा अशा वेळी जिवाच्या आकांताने फिरे, प्रोसेसर तरीही 100 अंशांना टेकून स्वतःचा वेग स्वतःच कमी करून घेई, आणि दोन खोल्या पलीकडून बाबा विचारत, “मिक्सर कोणी सुरू ठेवला रे?”

नवा पंखा निवडताना शास्त्रापेक्षा फूटपट्टीचा उपयोग अधिक होतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा, 2014 साली आलेला एनएच-डी15 माझ्या मनात भरला होता. परंतु दोन पंख्यांसह त्याचे वजन 1,320 ग्रॅम आणि उंची 165 मिलिमीटर, तर माझ्या कॅबिनेटची मर्यादा 160 मिलिमीटर. पाच मिलिमीटरसाठी कॅबिनेट बदलून टाकावे, असे सीताबर्डीवरच्या दुकानदाराने तत्परतेने सुचवले. शेवटी मी धातूच्या पत्र्यांच्या दोन मनोऱ्यांचा, उष्णता वर नेणाऱ्या सहा हीटपाइपांचा म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा, आणि 155 मिलिमीटर उंचीचा एक मध्यमवर्गीय नमुना घेतला. अशा नमुन्यांत पुढच्या मनोऱ्याला लावलेला पंखा रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या स्मृतीच्या, पट्ट्यांवर येतो, पट्ट्या उंच असतील तर तो वर सरकवावा लागतो, आणि वर सरकवला की वाचवलेले पाच मिलिमीटर पुन्हा खर्ची पडतात. माझ्या पट्ट्या बुटक्या असून त्यांच्यावर दिवेही नाहीत. या दारिद्र्याचा आजवर झालेला हा एकमेव फायदा होय.

खोके उघडताना बाबा शेजारी येऊन बसले. वाळ्याच्या ताट्या बदलणे, पंपाची जाळी साफ करणे, टाकीतल्या पाण्याचा वास घेऊन ते किती दिवसांचे आहे ते सांगणे, यांत त्यांचा हात धरणारा आमच्या मोहल्ल्यात कोणी नाही. त्यामुळे थंड करण्याच्या कोणत्याही यंत्राबद्दल मत देण्याचा त्यांचा अधिकार घरात निर्विवाद आहे. तांब्याच्या नळ्यांवर त्यांनी बोट ठेवले. मी समजावून सांगितले, की या नळ्या पोकळ आणि बंद असतात, आत अगदी थोडे पाणी कमी दाबाखाली भरलेले असते, ते प्रोसेसरच्या उष्णतेने वाफ होऊन वर जाते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत तळाशी झिरपते. आणि अशी नळी अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली करून दाखवली होती. बाबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग यात पाणी केव्हा भरायचं?”

बसवण्याचे काम वर्णन करण्याजोगे नाही, तरी त्यातल्या पुड्यांबद्दल बोलले पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरसाठी वेगळे स्क्रू एकाच खोक्यात, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पुड्यांत येतात. माझ्या मदरबोर्डवरील भोकांमधले अंतर 78 मिलिमीटर आहे. त्याच्या आदल्या पिढीत ते 75 होते. आणि हा तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो स्क्रू अर्धा आत गेल्यावर मनगटाला कळतो. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नव्या पेस्टचा ठिपका मधोमध ठेवून, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने दोन-दोन वेढे आवळत गेले की तळाचा तांब्याचा ठोकळा सपाट बसतो. पेस्ट किती लावावी यावर जगात जेवढे मतभेद आहेत, तेवढे मी सोयऱ्यांमध्ये मानपानावरूनही पाहिलेले नाहीत. प्रत्यक्षात थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, एवढेच.

खरा छळ परीक्षेचा. नव्या-जुन्याची तुलना करायची तर खोलीचे तापमान एक हवे, नाहीतर प्रत्येक वेळी ते नोंदवून वजा करायला हवे, कारण पंखा फक्त खोलीपेक्षा किती अंश वर थांबायचे ते ठरवतो. खोलीच्या खाली जाण्याची शक्ती त्याच्यात नाही. शिवाय घाई करून चालत नाही. प्रोसेसरचा आकडा क्षणात उडी मारतो, पण किलोभर धातू तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि ही दहा-पंधरा मिनिटे संपत आली की बाबा खिडकीतल्या कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून खोली दोन अंशांनी खाली आणत. आकडा घसरला की मला नव्या पंख्याचे कौतुक वाटे, आणि मग बाहेरून रिकाम्या बादलीचा आवाज येई. त्यांना थांबवणे शक्य नव्हते. घरातील बाकीची माणसे 180 वॅटच्या हिशेबात नसली तरी त्यांनाही उकडत होते.

आवाजाची परीक्षा तर याच्या थेट उलट बाजूला ओढत होती. खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत संगणकाचा कोणताही पंखा मूकच ठरतो, म्हणून आवाज ऐकायचा तर तो कूलर बंद हवा. तो बंद केला की खोली तापते. खोली तापली की प्रोसेसर तापतो. प्रोसेसर तापला की पंखा आपोआप वेग वाढवतो, आणि मग मोजला जातो तो नागपूरचा उन्हाळा. भर दुपारी कूलर बंद करण्याचा माझा प्रस्ताव घरात मतदानाला न टाकताच फेटाळण्यात आला. उरली पहाट. पहाटे चारला खोलीत 31 अंश असतात, रहदारी नसते, माणसे गच्चीवर झोपलेली असतात. मोबाइल ठरलेल्या अंतरावर ठेवून मी मोजणी सुरू केली आणि समोरच्या कडुनिंबावर कोकिळाने तान घेतली. मे महिन्यात हा पक्षी पहाट होण्याची वाट पाहत नाही. माझ्या नोंदीतील सर्वांत उंच रेघ त्याची आहे. एवढे मात्र कानांनी सांगितले, की जुन्याचा आवाज किरटा आणि सतत वर-खाली होणारा होता, तर नव्याचा सलग हवेचा आहे, ज्याकडे पाच मिनिटांनी लक्ष जाणे थांबते.

निकाल मात्र स्वच्छ होता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरला 100 वॅटवर जखडले, तेव्हा जुना पंखा खोलीपेक्षा 59 अंश वर थांबला आणि नवा 34. हीच खरी तुलना. नंतर लगाम सोडला, तर जुन्याच्या राज्यात जेमतेम 105 वॅटला 100 अंश गाठून धापा टाकणारा प्रोसेसर नव्याच्या राज्यात सलग 180 वॅट खात 91 अंशांवर राहिला, आणि लग्नाच्या फिल्मचे दीड तासाचे रेंडर सव्वा तासावर आले. बाबांना मी हे उत्साहाने सांगितले. त्यांनी त्यातून दोनच आकडे उचलले, 100 आणि 91, आणि म्हणाले, “एवढे पैसे देऊन नऊच अंश?”

मग त्यांनी, कूलर तपासताना आयुष्यभर जे केले तेच केले. कॅबिनेटच्या मागे तळहात धरला.

“अरे, हा तर पहिल्यापेक्षा गरम हवा फेकून राहिला!”

मी म्हणालो, “बाबा, तेच तर त्याचं काम आहे. आधी उष्णता आत अडकायची आणि प्रोसेसर हात आखडता घ्यायचा. आता तो पूर्ण ताकदीने चालतो, म्हणून जास्त वीज खातो, आणि जेवढी खातो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत येते.”

“म्हणजे तू 180 वॅटचा हीटर लावला.”

तांत्रिकदृष्ट्या यात काहीही चुकीचे नव्हते. पंखा उष्णता नाहीशी करत नाही, फक्त तिला प्रोसेसरपासून माणसांकडे पोहोचवतो. जितका चांगला पंखा, तितकी पोच तत्पर. रेंडर लवकर संपते, त्यामुळे एकूण हिशेब तितका वाईट होत नाही, हा मुद्दा मी मांडला, पण तेवढ्यात त्यांचा विचार पुढे गेला होता.

“मग असं कर,” ते म्हणाले, “उन्हाळ्यात जुना लावत जा आणि थंडीत हा.”

जुना पंखा दर वर्षी काढ-घाल करण्याइतक्या त्या प्लॅस्टिकच्या खुंट्या टिकणार नाहीत, असे सांगून मी ती वेळ निभावून नेली. रात्री मात्र बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची मर्यादा जून अर्धा होईपर्यंत 125 वॅटवर आणून ठेवली. फिल्म पाच-सात मिनिटे उशिरा तयार होते, प्रोसेसर 80 च्या खाली राहतो, आणि बाबा येता-जाता कॅबिनेटच्या मागे हात धरून पाहतात व काही बोलत नाहीत.