लाइट गेल्यावर कफ थांबत नाही

गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली, नळी असलेला पेशंट घरी सोडताना हॉस्पिटल सगळं सांगतं. ड्रेसिंग कधी बदलायचं, नाकातल्या नळीतून किती मिली भरवायचं, उशी किती उंच ठेवायची, फॉलोअपला कुठल्या वारी यायचं. आणि मग जाताजाता एक वाक्य: "घरी सक्शन मशीन लागेल, भाड्याने मिळतं, खाली मेडिकलवाला नंबर देईल." संपलं. कफ ओढून काढणारं ते मशीन विजेवर चालतं आणि वीज गेली तर काय करायचं, यावर चकार शब्द नाही. डॉक्टर बोलले नाहीत, सिस्टर बोलल्या नाहीत, मशीन घेऊन आलेला पोरगाही बोलला नाही. हाताने किंवा पायाने चालणारं सक्शन नावाची वस्तू बाजारात मिळते, हे मला लाइट गेल्यानंतर कळलं. आधी कळायला हवं होतं, आणि सांगणं हे त्यांचं काम होतं. मला याचा भयंकर राग आहे.

ज्यांच्या घरी असा पेशंट नाही त्यांना सांगते. आपण श्वास घेतो तेव्हा नाकात हवा कोमट होते, ओली होते. नळीवाल्या माणसाची हवा थेट गळ्यातल्या भोकातून आत जाते, त्यामुळे कफ सुकतो, घट्ट होतो. माझ्या बाबांसारख्या पॅरालिसिस झालेल्या माणसाला तो खोकून बाहेर टाकण्याची ताकद नसते. मग नळीत घरघर सुरू होते, तळाशी आलेलं शहाळं स्ट्रॉने ओढावं तसा आवाज. तो ऐकू आला की उठायचं, हात धुवायचे, ग्लोव्हज घालायचे, मशीनला जोडलेली बारीक नळी, बारा नंबरचा कॅथेटर, आत घालायचा आणि बाहेर काढताना कफ ओढून घ्यायचा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही, कारण कफाबरोबर आतली हवाही ओढली जाते आणि ऑक्सिजन खाली येतो. मोठ्या माणसाला साधारण १०० ते १५० मिलीमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. जास्त लावला तर आतलं सोलवटतं, रक्त येतं. हे सगळं आम्हाला शिकवलं, नीट शिकवलं. त्याबद्दल तक्रार नाही.

पण जुलैत कुर्ल्यात पाणी भरलं. आमच्या बिल्डिंगची मीटर रूम रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. तिथे पाणी शिरलं की कंपनी सप्लाय बंद करते, आणि करायलाच हवा, नाहीतर कुणीतरी शॉक लागून मरेल. रात्रीची वेळ. कॅथेटर आत आणि मशीनची घुरघुर एकदम बंद. मशीनच्या जारमधलं पाणी हलायचं थांबलं. बाबांचे डोळे मोठे झाले. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे डोळेच.

आईने मोबाइलचा टॉर्च धरला. मी गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी सुटी नळी काढून धुतली, परत घातली, तरी घरघर होतीच. शेवटी वॉर्डातल्या एका सिस्टरना फोन लावला. ड्युटी नसताना त्यांनी उचलला, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, "भरवायची पन्नास मिलीची सिरिंज आहे ना? नवीन असेल तर तिला कॅथेटर लाव आणि हाताने ओढ." कपाटात एक सीलबंद होती म्हणून. ओढलं. घट्ट पिवळा दोरा अर्ध्यापर्यंत आला आणि अडकला. सिरिंज काढायची, रिकामी करायची, परत लावायची, परत ओढायचं. दांडा घामाने निसटत होता. सकाळपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने हेच करत बसलो.

आणि हे ज्याला ज्याला सांगावं तो म्हणतो, "अहो, पण मुंबईत लाइट जाते कुठे?" जाते! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत कितीतरी वस्त्या अंधारात होत्या. १२ ऑक्टोबर २०२० ला तर पाऊसही नव्हता. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बसला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या. काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. आणि एवढं मोठं काही कशाला घडायला हवं? केबल जळते. रस्ता खोदताना जेसीबीचा दात लागतो. सोसायटीत नोटीस लागते, "दुरुस्तीसाठी दुपारी दोन ते पाच वीजपुरवठा बंद". तीन तास! कफाला ती नोटीस वाचता येत नाही.

घरी व्हेंटिलेटर लावून पाठवतात त्या पेशंटबरोबर अँबू बॅग देतात. देतातच. मशीन बंद पडलं तर हा फुगा दाबून हवा द्या, असं घरच्यांना करून दाखवतात. म्हणजे वीज जाऊ शकते हे हॉस्पिटलला ठाऊक आहे. मग तोच विचार सक्शनपाशी येऊन का थांबतो? नळी कफाने बुजली असेल तर अँबू बॅग कितीही दाबा, हवा जाणार कुठून? यादीत एक ओळ वाढवायची आहे फक्त. "हाताने किंवा पायाने चालणारं सक्शन घरी ठेवा." ही ओळ लिहायला कुठला निधी लागतो?

बरं, ती ओळ कुणी लिहिलीच तरी वस्तू मिळवताना जीव जातो. आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा काढून दिला. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत असं सांगितलं, तरी तो म्हणे "काम होईल ताई". ऑनलाइन फोटो एक आणि येणार काय, याचा भरवसा नाही. शेवटी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. सर्जिकलच्या दुकानांमागून दुकानं. काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणतो, "मॅडम, वो पुराना चीज है, अब कोई नहीं लेता. बॅटरीवाला ले जाओ." बॅटरीवाल्याची किंमत ऐकून मी गप्प झाले. शिवाय ती बॅटरी चार्ज करून ठेवली नाही तर ऐनवेळी दगा देते, हे मी आमच्या खासगी अँब्युलन्समध्ये पाहिलंय. बाबांना तपासणीला नेताना सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, घरघर सुरू झाली, अटेंडंटने मशीनचं बटण दाबलं, दिवा लागला आणि विझला. "चार्जिंग उतरलंय." त्या गाडीत हाताचा पंप नव्हता. अँब्युलन्समध्ये!

आणि पुराना चीज म्हणजे काय हो? पायाचं सक्शन म्हणजे एक भाता, एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या झडपा, एक जार आणि नळी. पायाने दाबत राहिलं की जारमध्ये ओढ तयार होते आणि दोन्ही हात पेशंटसाठी मोकळे राहतात. हातातला पंप तर पिस्तुलासारखा, मूठ आवळली की ओढतो, पुढे छोटा डबा. वायर नाही, चार्जर नाही. या उपकरणांसाठी आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं, वेगळं मानक आहे, १००७९ चा दुसरा भाग. टाकाऊ वस्तूंची मानकं कुणी बनवत नाही. एवढंच की बऱ्याच साध्या पंपांवर दाब दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे गळ्यातल्या नळीत वापरताना हात हलका ठेवावा लागतो आणि ते सिस्टरकडून शिकून घ्यावं लागतं. शिकवायला पाच मिनिटं लागतात. डिस्चार्जच्या दिवशी बिलासाठी आम्ही अर्धा दिवस बसलो होतो!

अखेर गल्लीतल्या एका आतल्या दुकानात पायाचं मिळालं. खोक्यावर धूळ. घरी आणून लावलं तर झाकणाचं रबर कडेला तडकलेलं, तिथून हवा खाते, ओढच लागत नाही. बोटाने झाकण दाबून धरलं की चालतं. म्हणजे पंप उत्तम, फक्त एक गोल रबरी वॉशर हवा. तो वॉशर सुटा मिळत नाही! दुकानदार म्हणतो कंपनीकडून मागवावा लागेल, कंपनीचा माणूस म्हणतो डीलरशी बोला, डीलर म्हणतो पूर्ण जार घ्या, आणि जारही स्टॉकमध्ये नाही. ज्याच्यावर माणसाचा श्वास अडलाय त्याचा वॉशर मिळू नये? प्रेशर कुकरचं रबर कुर्ल्याच्या फुटपाथवर मिळतं.

काल पुन्हा डीलरला फोन केला. "पुढच्या आठवड्यात बघतो," म्हणाला. गणपतीच्या आधीपासून हेच सांगतोय. परवा आमच्याकडे दुरुस्तीसाठी दुपारभर वीज बंद आहे, नोटीस लागली आहे. आई पंप दाबेल, मी कॅथेटर धरेन, आणि झाकण दाबून ठेवायला शेजारच्या काकूंना बोलावलंय.